नौपाड्यातली निळी पेटी: पेशी, शर्करा, रक्त

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला, नौपाड्यात, शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांना माल पुरवणारे एक दुकान आहे. जून उजाडला की त्याच्या काउंटरवर पुठ्ठ्याच्या निळ्या पेट्यांची चळत लागते. झाकणावर ‘पेशी, शर्करा, रक्त’ एवढेच छापलेले, आत तीन कप्पे आणि चाळीस पानांची मराठी पुस्तिका. किंमत 1,650 रुपये. घेणारे मुख्यतः बारावी सायन्सची मुले, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी, डीएमएलटी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाचा डिप्लोमा) करणारे आणि एकदम दहा-दहा पेट्या उचलणारे क्लासवाले.

आधी निकाल सांगतो. पहिले दोन कप्पे चांगले आहेत, त्यांतला माल सुटा घ्यायला गेलात तर जास्त पैसे पडतील. तिसरा कप्पा आहे तसा घेऊ नये. आणि पुस्तिका? कोणता रंग येईल ते ती सांगते, पण तो आला नाही तर काय चुकले हे सांगत नाही. काही ठिकाणी तर तिने सांगितलेला रंग तिने सांगितलेल्या मापांत येऊच शकत नाही. प्रॅक्टिकल करणाऱ्याला खरी गरज असते ती याच माहितीची, म्हणून पुढे तिच्यावरच भर दिला आहे.

पहिल्या कप्प्यात डायलिसिस ट्यूबची एक मीटरची गुंडाळी आहे. पेटीतली सर्वांत मोलाची वस्तू तीच. सेल्युलोजची ही चपटी नळी साधारण 12 ते 14 हजार डाल्टनपर्यंतचे (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) रेणू पलीकडे जाऊ देते, त्याहून मोठे अडवते. ग्लुकोजचा रेणू 180 चा. आयोडीनच्या द्रावणातला त्रिआयोडाइड आयन 381 चा. हे दोन्ही सहज पार होतात. स्टार्चचा रेणू लाखांच्या घरातला, तो आतच अडकतो. पेशीपटलाची निवड दाखवायला याहून सोपे साधन नाही.

ट्यूबचा 12 सेंटिमीटरचा तुकडा कापून साध्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे भिजत ठेवायचा. ती कोरडी पडून तडकू नये म्हणून तिला ग्लिसरीन लावलेले असते, ते यात निघून जाते. भिजली की बोटांत चोळून तोंड उघडायचे. एक टोक दुमडून दोऱ्याने घट्ट बांधायचे. नुसती गाठ मारली तर निसटते. आत 1 टक्का स्टार्च आणि 10 टक्के ग्लुकोजचे मिश्र द्रावण भरायचे, वर दोन बोटे जागा सोडायची आणि दुसरे टोक बांधायचे. पाणी आत शिरून पिशवी फुगणार असते, काठोकाठ भरलेली पिशवी गाठीतून गळते. पुढची पायरी पुस्तिकेत नाहीच: बांधलेली पिशवी बाहेरून वाहत्या पाण्याखाली नीट धुवायची. भरताना बाहेर सांडलेला एक थेंब स्टार्च बाहेरच्या आयोडीनला निळे करतो, आणि पटल फाटले की काय अशी शंका घेत मुले तासभर बसतात.

आता मापांचा घोळ. पुस्तिका म्हणते, पिशवीत 10 मिलि द्रावण घ्या, ती 200 मिलि पाण्याच्या बीकरमध्ये सोडा, अर्ध्या तासाने बाहेरच्या पाण्याची बेनेडिक्ट चाचणी (निळ्या द्रावणात उकळून शर्करा ओळखण्याची) करा, विटकरी लाल रंग येईल. साधे गणित करून पाहा. 10 मिलिमध्ये 10 टक्क्यांनी ग्लुकोज 1 ग्रॅम. तो सगळाच्या सगळा बाहेर येऊन एकसारखा पसरला तरी 210 मिलिमध्ये 1 ग्रॅम, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्याही आत. अर्ध्या तासात त्याचाही काही भागच बाहेर आलेला असतो. बाटलीवरच्या तक्त्याच्या मापात (5 मिलि बेनेडिक्टला 8 थेंब) एवढ्या ग्लुकोजला बेनेडिक्ट हिरवटच दिसणार. विद्यार्थी जर्नलमध्ये ‘विटकरी लाल’ लिहितो, कारण पुस्तकात तसे आहे, आणि डोळ्यांनी पाहिलेले खोडतो. शिक्षणाचे याहून मोठे नुकसान नाही. उपाय सोपा आहे: बीकर बाजूला ठेवा. मोठ्या परीक्षानळीत 20 मिलि पाणी घ्या, पिशवीत 5 मिलि द्रावण भरा. समतोल साधला तर बाहेर 2 टक्क्यांपर्यंत ग्लुकोज जाऊ शकतो, आणि अर्ध्या तासातच पिवळ्या-नारिंगीकडे झुकणारा रंग दिसतो.

दुसरी चूक जास्त सूक्ष्म आहे. आयोडीन बाहेरच्या पाण्यात टाकायचे, ते आत शिरून पिशवी निळीकाळी झालेली पाहायची आणि मग त्याच पाण्याची बेनेडिक्ट चाचणी करायची, असा क्रम दिला आहे. बेनेडिक्टमध्ये सोडियम कार्बोनेट असते, द्रावण अल्कधर्मी असते. अल्कधर्मी द्रावणात आयोडीनचे हायपोआयोडाइट बनते आणि ते ग्लुकोजलाच ऑक्सिडाइझ करून ग्लुकॉनिक आम्लाकडे नेते. म्हणजे जो थोडाफार ग्लुकोज बाहेर आला, त्यातला काही आयोडीनच खाऊन टाकते. म्हणून दोन नळ्या लावाव्यात: एकीच्या पाण्यात आयोडीन, दुसरीत नुसते पाणी. पहिलीत पिशवी निळी झालेली पाहायची, दुसरीतले पाणी बेनेडिक्टला द्यायचे. मीटरभर ट्यूबमध्ये आठ तुकडे निघतात, कंजुषी करायचे कारण नाही.

स्टार्चचे द्रावणही नीट व्हायला हवे. 1 ग्रॅम स्टार्च आधी 10 मिलि गार पाण्यात कालवायचा आणि ती पेज 90 मिलि उकळत्या पाण्यात ढवळत ओतून आणखी मिनिटभर उकळायची. कोरडी पूड थेट उकळत्या पाण्यात टाकली तर गुठळ्या होतात, तांदळाच्या पिठाच्या उकडीत होतात तशाच. द्रावण पूर्ण गार होऊ द्यायचे, कारण गरम स्टार्चबरोबर आयोडीनचा निळा रंग येत नाही, गार झाल्यावरच येतो. आणि ते त्याच दिवशी वापरायचे. ठाण्याच्या उकाड्यात रात्रभर उघडे राहिलेले स्टार्च सूक्ष्मजीव फोडू लागतात, मग नुसत्या स्टार्चलाही बेनेडिक्ट हिरवे होते.

परासरणाचा, म्हणजे ऑस्मोसिसचा प्रयोगही याच ट्यूबवर सुचवला आहे: पिशवीत 20 टक्के साखरेचे पाणी, बाहेर साधे पाणी, आधी आणि नंतर वजन. पहिला अर्धा तास वजन छान वाढते. पण साखरेचा रेणू 342 चा, तोही या ट्यूबमधून हळूहळू बाहेर निघतो. पिशवी रात्रभर ठेवून सकाळी वजन केले तर फुगवटा वाढलेला तर नाहीच, बहुधा ओसरू लागलेला दिसेल. दर पाच मिनिटांनी पिशवी टिपून वजन करा आणि अर्ध्या-पाऊण तासात थांबा. शिवाय पुस्तिकेत पान 9 वर ‘ग्लुकोज परासरणाने बाहेर येतो’ असे छापले आहे. तेथे पेनाने दुरुस्ती करावी. परासरण होते पाण्याचे. ग्लुकोजचे होते ते विसरण, म्हणजे दाट भागाकडून विरळ भागाकडे पसरणे. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हाच प्रश्न हमखास येतो.

जिवंत पेशीसाठी मात्र पेटीत काही नाही, आणि असायची गरजही नाही. ठाण्यातल्या निम्म्या सोसायट्यांच्या कुंपणालगत ऱ्हिओचे झुडूप असते: पाने वरून हिरवी, खालून जांभळी. पान दुमडून ब्लेडने खालच्या बाजूचा जांभळा पापुद्रा ओढायचा, स्लाइडवर पाण्याच्या थेंबात ठेवायचा, आणि कव्हरस्लिपच्या एका कडेला 5 टक्के मिठाचे पाणी सोडून दुसऱ्या कडेने टिपकागदाने ओढून घ्यायचे. पाच-दहा मिनिटांत जांभळा रस पेशीभित्तिकेपासून सुटून मध्ये गोळा होतो. हाच रससंकोच. मग साधे पाणी ओढून तो पुन्हा भरताना पाहायचा. मीठ 10 टक्क्यांचे घेतले किंवा पापुद्रा तासभर तसाच ठेवला तर पेशी मरतात आणि परत भरत नाहीत.

दुसरा कप्पा शर्करेचा, आणि त्यातली बेनेडिक्टची 100 मिलिची बाटली खरोखर चांगली आहे. प्रमाणित कृतीनुसार लिटरला 17.3 ग्रॅम कॉपर सल्फेट, 173 ग्रॅम सोडियम सायट्रेट आणि 100 ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट लागते. या बाटलीतले द्रावण स्वच्छ, खोल निळे आहे, तळाला गाळ नाही, आणि नुसते उकळले तर रंग बदलत नाही. ही शेवटची तपासणी प्रत्येकाने पहिल्याच दिवशी करावी. शर्करा न टाकता उकळल्यावर जे द्रावण हिरवे होते, ते फेकायचे.

बाटलीवर रंगांचा तक्ता चिकटवला आहे: निळा म्हणजे शर्करा नाही, हिरवा अर्ध्या टक्क्यापर्यंत, पिवळा एक टक्क्यापर्यंत, नारिंगी दोनपर्यंत, विटकरी लाल त्यापुढे. हा तक्ता 5 मिलि बेनेडिक्टला 8 थेंब नमुना या मापासाठी बांधलेला आहे. आतली पुस्तिका मात्र ‘2 मिलि बेनेडिक्ट, 2 मिलि नमुना’ असे सांगते. शाळांमध्ये हीच पद्धत रूढ आहे, आणि शर्करा आहे की नाही एवढेच पाहायचे असेल तर चालते. पण या मापात तांब्याच्या मानाने शर्करा सुमारे दहापट जाते, म्हणजे अगदी पातळ नमुनाही भडक रंग देतो. अशा वेळी तक्त्याशी रंग जुळवून टक्केवारी लिहिणे साफ चूक आहे. टक्केवारी हवी असेल तर 5 मिलि आणि 8 थेंबच घ्या.

पेटीत स्पिरिट लॅम्प दिला आहे, पण परीक्षानळी थेट ज्योतीवर धरू नका. बेनेडिक्ट दाट असते, अचानक उसळते आणि नळीतून बाहेर फेकले जाते. घरात चहाचे पातेले पाण्याने अर्धे भरून उकळा आणि नळ्या त्यात पाच मिनिटे उभ्या ठेवा. अशा सहा नळ्या एकाच वेळी होतात आणि तुलनाही खरी होते, कारण सगळ्यांना तेवढाच वेळ मिळालेला असतो. पातेले नंतर स्वयंपाकात परत नेऊ नका.

नमुने म्हणून ग्लुकोज, फ्रुक्टोज, लॅक्टोज, सुक्रोज आणि स्टार्च यांची प्रत्येकी 25 ग्रॅमची पाकिटे आहेत. एवढे वर्षभर पुरते. पण खरी मजा घरातल्या वस्तूंत. मध, गूळ, पिकलेले केळे, दूध, ओआरएसची पुडी या सगळ्यांत क्षपण करणारी, म्हणजे बेनेडिक्टमधल्या तांब्याला इलेक्ट्रॉन देऊन रंग बदलणारी, शर्करा सापडते. ओआरएसचे उदाहरण वर्गात जरूर घ्यावे: जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 सालच्या सूत्रात लिटरला 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ असते. ग्लुकोज आणि सोडियम (मिठातले आणि सोबतच्या सोडियम सायट्रेटमधले मिळून) लिटरला प्रत्येकी 75 मिलिमोल भरतात. आतड्याच्या पेशीत सोडियम आणि ग्लुकोज एकाच वाहक प्रथिनावर बसून आत जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी जाते, म्हणून हे प्रमाण. पहिल्या आणि दुसऱ्या कप्प्याला जोडणारा इतका सरळ दुवा पुस्तिकेने का सोडला, कळत नाही. दुधाची चाचणी करताना थोडे लिंबू पिळून फाडून घ्या आणि गाळलेले पाणी वापरा, नाहीतर दह्यासारख्या गुठळ्यांत रंगच कळत नाही. लिंबात क जीवनसत्त्व असते आणि तेही बेनेडिक्टचे क्षपण करते, म्हणून दोन-चार थेंबच. व्हिनेगर घेतले तर हाही प्रश्न मिटतो.

साखर, म्हणजे सुक्रोज, बेनेडिक्टला निळीच राहते. तिच्यातल्या ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची क्षपण करणारी टोके एकमेकांना जोडण्यातच गुंतलेली असतात. ती सोडवायला 5 मिलि साखरेच्या पाण्यात पेटीतले विरल हायड्रोक्लोरिक आम्ल 1 मिलि घालून पाच मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवायचे. मग चिमूट-चिमूट खायचा सोडा, फेस थांबेपर्यंत. हा सोडा बहुतेक जण विसरतात. आम्ल तसेच राहिले तर ते बेनेडिक्टमधले कार्बोनेट खाऊन टाकते, नळीत फसफस होते आणि लाल रंग येत नाही. मग ‘साखरेचे विघटन झाले नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

फेलिंग ही शर्करेचीच दुसरी चाचणी. तिची अ आणि ब द्रावणे वेगळ्या बाटल्यांत दिली आहेत, ते योग्यच. एकत्र केलेले फार टिकत नाही. बेनेडिक्ट हाताशी असताना फेलिंगची गरज फक्त परीक्षेपुरती.

बारफोड हा या कप्प्यातला नाजूक गडी. कॉपर अ‍ॅसिटेट आणि अ‍ॅसेटिक आम्लाचे हे द्रावण एकशर्करा दोन-तीन मिनिटांत ओळखते. लॅक्टोजसारख्या द्विशर्करेलाही उकळत ठेवत गेलात तर सात-दहा मिनिटांनी तोच लाल साका पडतो. म्हणजे इथे घड्याळ हाच खरा रिएजंट आहे. मोबाइलवर टायमर लावा, तीन मिनिटे झाली की नळी बाहेर काढा. साकाही बेनेडिक्टसारखा भरघोस येत नाही. नळीच्या तळाशी लालसर बारीक धूळ बसते. हलवली तर निळ्यात हरवते. नळी न हलवता, पांढऱ्या कागदासमोर, तळाकडे पाहा.

सेलिवानॉफ फ्रुक्टोजला मिनिटाच्या आत चेरीसारखा लाल रंग देतो, ग्लुकोजला उशिरा आणि फिकट गुलाबी. मधावर तो सुंदर चालतो. आत तीव्र आम्ल असते, तेव्हा टोपण लावून, मुलांच्या हातापासून दूर. मोलिश चाचणीची कृती पुस्तिकेत आहे, पण तीव्र सल्फ्युरिक आम्ल पेटीत दिलेले नाही. दुकानाचा हा निर्णय शंभर टक्के बरोबर आहे. ती चाचणी कॉलेजच्या प्रयोगशाळेतच करावी.

आयोडीनची बाटली तपकिरी काचेची आहे, हेही ठीक. एक निरीक्षण मात्र मुलांना जरूर दाखवा. कच्च्या केळ्याच्या चकतीवर आयोडीनचा थेंब टाकला की निळाकाळा डाग पडतो, चार दिवसांनी त्याच फण्यातल्या पिकलेल्या केळ्यावर तो पुसट किंवा तपकिरी. तोच गर बेनेडिक्टला आता नारिंगी येतो. स्टार्च कुठे गेला ते दोन नळ्यांत दिसते.

आता तिसरा कप्पा. यात रक्तपेशी रंगवायच्या लेशमन रंजकाची 30 मिलिची बाटली, दहा स्लाइड, बोट टोचायची पाच लॅन्सेट, रक्तगटाचे तीन अँटिसेरा (गट जुळला की तांबड्या पेशींची गुठळी करणारे अँटीबॉडीचे द्राव) आणि जांभळ्या, करड्या, लाल टोपणांच्या तीन रिकाम्या नळ्या आहेत.

अँटिसेरांचा मुद्दा आधी, कारण तो सर्वांत गंभीर आहे. निळा अँटी-ए, पिवळा अँटी-बी, रंगहीन अँटी-डी, हे तिन्ही 2 ते 8 अंश सेल्सियसमध्ये ठेवायचे असतात. लेबलवर तसे छापलेलेही आहे. पण पेट्या काउंटरवर, पंख्याखाली, ठाण्याच्या मे-जूनच्या हवेत रचलेल्या. उष्णतेने अँटीबॉडीची ताकद उतरते आणि गुठळी कमजोर येते किंवा येतच नाही. आठवडेच्या आठवडे बाहेर राहिलेल्या सीरमने ‘ए’ गटाचा माणूस ‘ओ’ दिसू शकतो. दुकानदाराला हे सांगितले तर तो फ्रिजमधल्या कुप्या काढून देतो, पण वेगळे पैसे घेतो. त्याने हे पैसे घेऊ नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रत्येक वेळी माहीत असलेल्या गटाच्या रक्तावर आधी सीरम तपासा, मगच पुढे जा. स्लाइडवरचा निकाल दोन मिनिटांच्या आत वाचा. त्यानंतर थेंबाच्या कडा वाळून दाणेदार दिसतात आणि नसलेली गुठळी दिसू लागते.

लॅन्सेट एकदाच, एकालाच. वापरलेले लॅन्सेट घट्ट झाकणाच्या जाड प्लॅस्टिक डब्यात टाका. जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत टोकदार वस्तूंसाठी न भेदणाऱ्या पांढऱ्या अर्धपारदर्शक डब्याचीच सोय आहे. स्लाइड 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये अर्धा तास बुडवून मग धुवा. क्लासवाल्यांनी वीस मुलांच्या बोटांना टोचण्याचा कार्यक्रम करूच नये. तयार कायमस्वरूपी स्लाइड याच दुकानात मिळतात.

मुले टोचून घेत नाहीत म्हणून पुस्तिका मटणाच्या दुकानातून बोकडाचे रक्त आणायला सांगते: 9 भाग रक्ताला 1 भाग 3.8 टक्के सोडियम सायट्रेट. गोठणे थांबवण्यासाठी हे प्रमाण योग्य. पण पुढचे सगळे आकडे माणसाच्या रक्ताचे दिले आहेत, आणि तिथे गाडी रुळावरून घसरते. माणसाची तांबडी पेशी 7 ते 8 मायक्रोमीटरची, शेळी-बोकडाची त्याच्या निम्म्याहूनही लहान. माणसाच्या पेशी 0.45 ते 0.5 टक्के मिठाच्या पाण्यात फुटू लागतात आणि 0.3 च्या आसपास सगळ्या फुटतात. बोकडाच्या पेशी 0.6 टक्क्यांच्या आसपासच फुटू लागतात. म्हणजे 0.5 टक्क्याच्या नळीत पुस्तिका ‘पेशी बहुतांश शाबूत’ म्हणते आणि समोर लाल पारदर्शक पाणी असते. विद्यार्थ्याचे काही चुकलेले नसते.

दुसरे, ‘नळी दोन तास उभी ठेवा, प्लाझ्मा वर आणि पेशी खाली बसतील’ हे माणसाच्या रक्तात घडते. बोकडाच्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटत नाहीत, त्यामुळे फारच हळू बसतात. नळी संध्याकाळपर्यंत जवळजवळ जशीच्या तशी दिसते. त्यासाठी सेंट्रिफ्यूज लागते. म्हणून बोकडाचे रक्त फक्त एका प्रयोगाला घ्या: तीन नळ्या, 0.9 टक्के, 0.3 टक्के आणि 3 टक्के मीठ, प्रत्येकात 5 मिलि आणि रक्ताचे दोन थेंब. पाच मिनिटांनी नळीमागे वर्तमानपत्र धरा. 0.3 च्या नळीतून अक्षरे वाचता येतात, कारण पेशी फुटून हिमोग्लोबिन पाण्यात विरघळलेले असते. बाकी दोन्ही गढूळ. त्या दोघींतला फरक मायक्रोस्कोपखालीच दिसतो: 0.9 मध्ये गोल पेशी, 3 टक्क्यांत आक्रसलेल्या, काटेरी.

इथेच पुस्तिकेतली सर्वांत मोठी चूक दुरुस्त होते. पान 31 वर ‘हिमोग्लोबिन प्लाझ्मात असते’ असे छापले आहे. ते पेशीच्या आत असते. प्लाझ्मात आले तर तो बिघाड समजायचा. प्लाझ्मा आणि सीरम एकच आहेत असेही तिथे म्हटले आहे. रक्त गोठल्यावर जे उरते ते सीरम, त्यात फायब्रिनोजेन, म्हणजे रक्त गोठवणारे प्रथिन, नसते. डीएमएलटीच्या विद्यार्थ्याने हे चुकीचे पाठ केले तर पुढे चुकीच्या नळीत रक्त घेईल.

नळ्यांच्या टोपणांवरून एक गोष्ट छान शिकवता येते, पण पुस्तिका फक्त रंगांची नावे देऊन थांबते. करड्या टोपणाच्या नळीत फ्लोराइड का? तांबड्या पेशीला केंद्रक नसते, मायटोकाँड्रिया नसतात, ती जगते ती फक्त ग्लायकोलिसिसवर, म्हणजे ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज फोडून मिळणाऱ्या ऊर्जेवर, आणि ग्लुकोज आत घेते ग्लट-1 या वाहकाने. रक्त शरीराबाहेर काढले तरी तिचे खाणे चालूच. साध्या नळीत, सामान्य तापमानाला, ताशी 5 ते 7 टक्के ग्लुकोज कमी होतो. फ्लोराइड ग्लायकोलिसिसचा एक विकर (एन्झाइम) अडवते. वर्गात तीच तांबडी पेशी घेऊन आणखी एक वाहक सांगता येतो: सोडियम-पोटॅशियम पंप, एका एटीपीला (पेशीत ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूला) तीन सोडियम बाहेर आणि दोन पोटॅशियम आत. येन्स स्को यांनी तो 1957 मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंत दाखवला, नोबेल मिळायला 1997 उजाडले. पाण्याची वाट, म्हणजे अ‍ॅक्वापोरिन, तर पीटर ॲग्रे यांच्या हाती तांबड्या पेशींचे पटल तपासतानाच लागली.

लेशमनकडे येऊ. रंजक चांगले आहे, पण पावसाळ्यात बिघडते. ते मिथेनॉलमध्ये असते आणि मिथेनॉल हवेतली ओल शोषते. खाडीकाठच्या जुलैच्या हवेत बाटलीचे टोपण दोन-चारदा उघडे राहिले की पेशींवर चकचकीत, पोकळ ठिपके दिसू लागतात, आणि नवखा माणूस त्यांना परजीवी समजतो. रंजक छोट्या कोरड्या बाटल्यांत वाटून ठेवा. स्मीअर, म्हणजे स्लाइडवर रक्ताचा पातळ थर, ओढताना थेंब 2-3 मिलिमीटरचाच घ्या, वरची स्लाइड 30 ते 45 अंशांत धरा, एका दमात ओढा आणि लगेच पंख्याखाली वाळवा. रंजकाचे सात-आठ थेंब टाकून दोन मिनिटे, मग दुप्पट बफर घालून आठ-दहा मिनिटे. बफर 6.8 पीएचचे हवे, आणि पेटीत ते दिलेलेच नाही! नळाचे पाणी वापरले तर त्याच्या पीएचप्रमाणे सगळे निळे किंवा सगळे गुलाबी पडते. बफरच्या गोळ्या सुट्या मिळतात, एक गोळी 100 मिलिला. त्या जरूर घ्या.

रक्तगटाच्या पानावर पेटीच्या नावातले तिन्ही शब्द एकत्र येतात, पण तेही छापलेले नाही. तांबड्या पेशीच्या पटलावरचे ए, बी गटांचे प्रतिजन (गट ठरवणाऱ्या खुणा) हे शर्करेचेच तुकडे असतात. मूळ साखळीवर फ्युकोज बसला की एच, एचवर एन-अ‍ॅसिटिलगॅलॅक्टोसामाइन बसला की ए, गॅलॅक्टोज बसला की बी. ओ गटात नुसता एच. 1952 मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ज्यांच्यात एचही नाही अशी माणसे नोंदवली, आणि त्या गटाला बॉम्बे हे नाव मिळाले. या पेटीतल्या अँटी-ए आणि अँटी-बीने असा माणूस सरळ ‘ओ’ दिसतो, आणि त्याला ओ रक्त दिले तर जिवावर बेतते. ते ओळखायला अँटी-एच लागते, जे गॉर्स या काटेरी झुडपाच्या बियांपासून मिळते. रक्तपेढीत त्याशिवाय सीरमची उलट तपासणीही करतात, म्हणजे माणसाचे सीरम माहीत असलेल्या गटांच्या पेशींवर तपासतात. तेव्हा या पेटीवर काढलेला गट प्रॅक्टिकलच्या जर्नलपुरता, ओळखपत्रावर लिहायला नव्हे. बेनेडिक्टने कुणाची रक्तशर्करा तपासायची कल्पनाही डोक्यातून काढा. उपाशीपोटी 100 मिलिग्रॅम म्हणजे शंभर मिलिला 0.1 ग्रॅम, बेनेडिक्टच्या दृष्टीने जेमतेम हिरवट छटा.

खरेदीचा हिशेब असा. दुकानदाराला तिसरा कप्पा काढून पेटी द्यायला सांगा. तो 1,150 ला देतो. त्यावर लेशमन, बफरच्या गोळ्या आणि एक तयार ब्लड स्मीअरची स्लाइड घ्या. अँटिसेरा हवेच असतील तर फ्रिजमधून, कुपीवरची मुदत वाचून, आणि सोबत बर्फाची पिशवी नेऊन. कळवा-मुंब्र्याकडे किंवा ट्रान्स-हार्बरने वाशीला जायचे असेल तर थर्मासमध्ये घ्या, पण कुपी बर्फाला थेट टेकू देऊ नका. गोठलेले सीरमही वाया जाते. काउंटर सोडण्यापूर्वी बेनेडिक्टची बाटली उजेडात उलटी करून तळ पाहा, आणि डायलिसिस ट्यूबची गुंडाळी बोटांनी दाबून पाहा. कडक होऊन कडकड वाजली तर दुसरी मागा.